फ्रान्सचे पांढरे रस्ते: बाबा, मी आणि आठ दिवसांत मोजक्या गाड्या

घाटवाट (धागाकर्ती)

जूनच्या पहिल्या आठवड्यात बाबांना घेऊन ल प्वी ते काओर अशी सायकल काढली. आठ दिवस, चारशेच्या आतबाहेर किलोमीटर. फोटो मागू नका. निम्म्यांत बाबांची पाठ आहे आणि उरलेल्यांत रस्त्याची कड. कडेचं कारण पुढे येईल.

मी ल्योंला राहते, सहा वर्षं झाली. इथे मागे कुणीतरी विचारलं होतं की फ्रान्समध्ये गाड्यांचा त्रास नसलेला सायकलचा रस्ता कोणता. सगळ्यांनी एका सुरात लुआर नदीकाठचा मार्ग सांगितला. तो नऊशे किलोमीटरचा आहे, पाट्या छान आहेत, चढ नाहीत, मी अर्धा केलाय. पण जुलैत तिथे मुलांच्या ट्रेलरच्या, इ-बाइकच्या आणि पर्यटक गटांच्या रांगा लागतात. गाड्या नाहीत हे खरं, पण शांतता म्हणाल तर गणपतीतला लक्ष्मी रोड. मला हवी होती ती शांतता पाटी नसलेल्या रस्त्यांवर सापडली.

मिशेलिनचा कागदी नकाशा घ्या, १:१,५०,००० चा. लाल रस्ता म्हणजे ट्रक. पिवळा म्हणजे बरा, पण सकाळ-संध्याकाळ नोकरीवाले धावतात. पांढरा म्हणजे आपला. पांढऱ्याच्या कडेने हिरवी रेघ असेल तर निसर्ग बघण्यासारखा, आणि रस्त्यावर बाणाच्या टोकासारख्या खुणा असतील तर चढ. एक खूण म्हणजे ५ ते ९ टक्के, दोन म्हणजे ९ ते १३, तीन दिसल्या की दुसरा रस्ता शोधा. टोक चढाच्या दिशेने असतं. फोनवरचं अ‍ॅप हे सगळं सांगतं, पण नकाशा टेबलावर पसरून चहा पिताना जे दिसतं ते फोनमध्ये दिसत नाही.

आता बाबा. वय ६३, साताऱ्याला जिल्हा परिषदेच्या बांधकाम खात्यात ३४ वर्षं काढली. नकाशातलं 'डी' हे अक्षर बघून म्हणाले, हे काय? मी म्हटलं, देपार्तमाँताल, म्हणजे जिल्ह्याचा रस्ता. "म्हणजे आपले प्रमुख जिल्हा मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग, प्रजिमा आणि इजिमा. आणि हा बिननावाचा?" तो कम्यूनचा, गावाचा. "ग्रामीण मार्ग, ग्रामा." झालं. पुढचे आठ दिवस आमच्या बोलण्यात डी-अमुक आलंच नाही. "आज इजिमाने जाऊ, उद्या ग्रामा घेऊ." डी रस्त्याच्या कडेला पिवळ्या टोपीचा किलोमीटरचा दगड असतो, त्या प्रत्येकावर त्यांनी हात ठेवला.

सोग सोडून मार्जरीदच्या पठारावर चढलो त्या सकाळी सव्वासात ते बारा या वेळात आम्हाला दुधाचा टँकर, पोस्टाची पिवळी गाडी आणि दोन ट्रॅक्टर भेटले. बस्स. पाइनचं जंगल, ग्रॅनाइटचे धोंडे, मधेच कुरण आणि चाकाचा आवाज. तेराशे मीटरच्या आसपास बाबा एकदम उतरले. मला वाटलं छातीत दुखतंय की काय. तर हे मोरीपाशी वाकलेले. "बघ, मोरीचं तोंड साफ. साईडपट्टी रस्त्याच्या लेव्हलला. पाणी उभंच राहत नाही, मग खड्डा पडेल कशाने?" बोटाने डांबराची कड दाबून बघितली. "कार्पेट नाहीये हे, नुसतं सरफेस ड्रेसिंग आहे. स्वस्तातलं काम आहे. पण केलंय."

त्या स्वस्तातल्या कामानेच मला दोन दिवसांनी पाडलं असतं. उन्हाळ्यात हे लोक डांबर फवारून वर बारीक खडी पसरतात आणि गाड्यांच्या चाकांनी ती दाबली जाऊ देतात. 'ग्राव्हियों' अशी पाटी असते. ओब्राकच्या पठारावरून सँ-शेलीकडे उतरताना पाटी वळणाआड होती. मी चाळीसच्या वेगात. मागून बाबांची आरोळी, "नवी खडी! ब्रेक मारू नको, सरळ राहू दे!" मागचं चाक एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. थांबले तेव्हा पाय लटपटत होते. त्यांना पाटी वाचता येत नव्हती, रस्त्याचा रंग वाचता येत होता.

मार्ग थोडक्यात: ल प्वी, सोग, सँताल्बाँ, ओमाँ-ओब्राक, नास्बिनाल, ओब्राक, तिथून खाली लोत नदीवर एस्पालियों आणि एस्तँ, मग कोंक, फिजाक, सेले नदीच्या खोऱ्यातून काब्ररे आणि शेवटी काओर. विचारा काय विचारायचं ते.

तिसरा_गिअर

वा! पण ६३ व्या वर्षी मार्जरीद आणि ओब्राक? गिअर काय होते? आणि सामान किती?

घाटवाट

बाबांची सायकल ल्योंला भाड्याने घेतलेली, पुढे तीन चकत्या, सगळ्यात लहान २६ दाती, मागे ३४. म्हणजे पायी चालण्याइतक्या हळू चढता येतं आणि ते तसंच चढले. सामान प्रत्येकी नऊ किलो, तंबू माझ्याकडे. दिवसाला पन्नासच्या वर जायचं नाही असं ठरवलं होतं. पहिल्याच दिवशी ल प्वीहून निघून आलिए नदीच्या घळीत उतरलो आणि समोर तेवढाच चढ दिसला, तेव्हा ठरवलेलं सगळं विसरून मोनिस्त्रोलला पारावर बसून राहिलो. पार म्हणजे चर्चसमोरचा कट्टा.

मिठाचा_खडा

शांत रस्त्यासाठी एवढं विमान करून जायचं? तळकोकणात या. फुकट.

घाटवाट

या म्हणता तर येईनच. पण एक गंमत सांगते. ज्या लोझेर जिल्ह्यातून आम्ही गेलो त्याचं क्षेत्रफळ ५,१६७ चौरस किलोमीटर. सिंधुदुर्गाचं ५,२०७. जवळजवळ तेवढाच. सिंधुदुर्गात २०११ च्या जनगणनेत साडेआठ लाख माणसं होती. लोझेरमध्ये ७६-७७ हजार. रस्ता रिकामा का, याचं उत्तर तिथेच आहे.

लिमोजची_काकू

घाटवाट, बाबांना नमस्कार सांग. मी इकडे २७ वर्षं आहे, त्यामुळे थोडं पाल्हाळ लावते.

माणसं नाहीत हे अर्धं उत्तर झालं. माणसं नसलेल्या जागा जगात पुष्कळ आहेत, तिथे डांबरी रस्ता नसतो. इथे दोन्ही एकत्र आहेत. रस्ते आधी झाले. १८३६ साली कायदा झाला, गावोगावच्या वाटा सांभाळणं कम्यूनवर सक्तीचं केलं, आणि गावकऱ्याने वर्षाला तीन दिवसांपर्यंत रस्त्यावर राबायचं किंवा त्याचे पैसे भरायचे. तेव्हा खेडी भरलेली होती. त्यातून वाडीवस्तीपर्यंत जाळं विणलं गेलं. मग लोक कारखान्यांकडे गेले, १९१४ च्या लढाईत तरुण गेले, ट्रॅक्टर आल्यावर उरलेले गेले. जाळं तसंच राहिलं. ईशान्येच्या मझ नदीपासून नैऋत्येला पिरेनीजपर्यंत हा विरळ पट्टा पसरलाय, भूगोलवाले त्याला 'रिकामा कर्ण', म्हणजे रिकामी तिरपी रेघ, म्हणतात. इथल्या लोकांना तो शब्द अजिबात आवडत नाही, आणि बरोबर आहे त्यांचं. कम्यून मात्र अजून पस्तीस हजारांच्या आसपास आहेत, बहुतेकांना आपली मेअरची कचेरी आणि आपला रस्ता.

तुम्हा सायकलवाल्यांना जी शांतता वाटते ती आमच्या शेजारणीला डॉक्टर चाळीस किलोमीटरवर अशी भेटते. तक्रार म्हणून नाही सांगत, पण दुपारी गावात पडदे ओढलेले दिसले तर सगळे झोपलेत असं समजू नका. बरीच घरं बंदच असतात.

आणि कामाचं: सप्टेंबर ते फेब्रुवारी शिकारीचा मोसम. विशेषतः रविवारी जंगलातल्या ग्रामा रस्त्यावर भडक रंगाचं जाकीट घाला. काळोखात किंवा धुक्यात गावाबाहेर चमकणारं जाकीट तर २००८ पासून कायद्यानेच सक्तीचं आहे.

आंबोळी

बाबांचा रस्ता-अभ्यास वाचून हसून मेले. माझे सासरे एसटीत होते, ते युरोपात प्रत्येक बसच्या टायरकडे बघतात.

खरा प्रश्न. आम्ही दोघंही अंडंसुद्धा खात नाही. खेड्यात काय मिळणार?

घाटवाट

काय मिळेल यापेक्षा कधी मिळेल ते आधी बघा. दुकानं बारा-साडेबाराला मिटतात, दोन-तीनला उघडतात. बेकरी आठवड्यातून एक दिवस बंद, बऱ्याचदा सोमवारी. आमचा सोमवार सांगते. पहिल्या गावातली बेकरी बंद. नऊ किलोमीटरवर दुसरं गाव, तिथे बेकरीची पाटी होती, काचेमागे पाव नाही, कुणाची तरी बैठकीची खोली झालेली. तिसऱ्या गावात पावाचं यंत्र होतं. हो, यंत्र. नाणं टाकायचं, बॅगेट, म्हणजे लांबट पाव, बाहेर येतो. रिकामं होतं. मग चर्चच्या सावलीत स्टोव्ह काढला आणि ल प्वीला घेतलेल्या हिरव्या मसुरीची खिचडी लावली. ती ल प्वीचीच प्रसिद्ध मसूर, पंचवीस मिनिटं शिजत नाही. बाबा म्हणाले, ही मसूर नाही, ही पेन्शन आहे. वर आईने दिलेलं मेतकूट.

ओब्राकमध्ये मात्र अलिगो खा. उकडलेला बटाटा घोटून त्यात ताजं तोम चीज आणि लसूण, लाकडी पळीने वर ओढलं की हातभर तार निघते. सोबत सॉसेज देतात, ते नको म्हणून आधीच सांगायचं. 'सलाड' म्हणजे शाकाहारी असं समजू नका, त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे असतात आणि वाढणाऱ्याला ते मांस वाटत नाही. "सां व्हियांद, सां प्वासों", म्हणजे मांस नको, मासे नकोत, एवढं पाठ करा. अंडं नको हेही सांगावं लागेल, नाहीतर शाकाहारी म्हणजे ऑम्लेट येतंच.

लिमोजची_काकू

आंबोळी, कडक शाकाहारी असाल तर चीजचंही बघा. पारंपरिक चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण असतं. कुणी सांगत नाही म्हणून सांगितलं. आता खायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

स्टोव्हचा गॅसही आधी बघून ठेवा. स्क्रूवर बसणारा डबा मोठ्या शहरातल्या क्रीडासाहित्याच्या दुकानात घ्या. खेड्यातल्या किराण्यात बहुधा वेगळ्या जोडणीचा मिळतो.

बारा_गावचं_पाणी

नावाला जागून पाण्याबद्दल विचारतो. कुरणात नळ कुठला?

घाटवाट

दफनभूमीत. फुलांना घालायला जवळजवळ प्रत्येक गावाच्या दफनभूमीत नळ असतो आणि दफनभूमी नकाशात क्रॉसच्या खुणेने सापडते. फक्त 'ओ नों पोताब्ल' असं लिहिलेलं असेल तर पिऊ नका. बाबा पहिल्या दिवशी ऐकेनात. "मसणातलं पाणी प्यायचं?" तिसऱ्या दिवशी तापमान ३१, मला म्हणाले, "पुढचं मसण किती किलोमीटरवर आहे गं?"

ब्रेस्तची_वारी

२०२३ ला पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस ही सायकलची लांब फेरी केली. १,२०० किमीच्या वर, ९० तास, राँबुयेहून सुरू. १८९१ मध्ये पहिली झाली, आता चार वर्षांतून एकदा असते. त्यामुळे माझा अनुभव उलटा आहे, मी फ्रान्सचं खेडं रात्रीच पाहिलंय आणि ते कधीच शांत नव्हतं.

ब्रिटनीत रात्री दोन वाजता, डोळे मिटत असताना, एका वाडीच्या फाट्यावर टेबल मांडलेलं. आजी-आजोबा, गुडघ्यावर गोधड्या. कॉफी, क्रेप, पाणी. पैसे काढले तर आजोबांनी हात धरला. "कुठून?" नाशिक. त्यांना नाशिक कळलं नाही, तर गाव कुठे ते हातावर बोटाने काढून दाखवायला लावलं. तळहातावर भारत काढला आणि त्यात टिंब दिलं. म्हणाले, घरी गेल्यावर पोस्टकार्ड टाक. मी गोदाघाटाचं टाकलं. पोचलं की नाही देव जाणे.

आपल्याकडची बरीच मंडळी दर वेळी जाते. पण खरं सांगू, त्या नव्वद तासांत मी ब्रिटनी बघितलीच नाही, पुढच्याचा लाल दिवा बघितला. तुमचा धागा वाचून आता दिवसा जायचंय.

तिसरा_गिअर

+१. मीही रँदोनर, म्हणजे अशा लांब फेऱ्या करणारा, आहे, 'बघितलं नाही' अगदी पटलं. मला वाटतं, सँतेतियनचा व्हेलोसियो ज्यासाठी आयुष्यभर भांडला ते हेच. पोल द व्हिव्ही त्याचं खरं नाव, १८८७ मध्ये सायकलवरचं मासिक काढलं, गिअर बदलायची यंत्रणा नुसत्या शर्यतवाल्यांना नाही तर डोंगरात फिरणाऱ्या साध्या माणसाला मिळाली पाहिजे म्हणून हटून बसला. भूक लागायच्या आधी खा, तहान लागायच्या आधी प्या, हा उपदेश त्याचाच. बाबांची ती २६ दाती चकती म्हणजे त्याचा प्रसादच.

घाटवाट

सोमवारी बेकऱ्या बंद असताना भूक लागायच्या आधी खा म्हणणं सोपं आहे.

चक्रधर

सर्वांचं कौतुक आहे, पण नवशिक्याला थेट ओब्राकवर पाठवू नका. मी म्हणेन कालवा. आम्ही मिदीचा कालवा केला, तुलूझ ते सेत, २४० किमी. रिके नावाच्या माणसाने १६६६ ते १६८१ मध्ये खणवलेला. चढ शून्य, गाडी शून्य, चुकायची सोय नाही.

नळराजा_उवाच

चक्रधर, कुठल्या साली केलात? आम्ही गेलो तर तुलूझपासून पन्नासेक किलोमीटर गुळगुळीत, आणि पुढे नुसती मातीची वाट, प्लेन झाडांची मुळं वर आलेली. बायकोची कॅरिअरची पट्टी तुटली. शिवाय सावली म्हणावी तर बुरशीच्या रोगामुळे हजारो झाडं तोडलीत, कितीतरी अंतर उघडं ऊन. रुंद टायर असेल तर जा. अरुंद टायरवाल्याने जाऊ नये.

चक्रधर

रुंद टायर होते. मुळांबद्दल मान्य. झाडांचंही मान्य, वाईट वाटलं. तरी नवशिक्यासाठी कालवाच. हवं तर बर्गंडीतला घ्या, किंवा जिव्हरी ते क्लुनी. बंद पडलेल्या रेल्वेची ४४ किमीची वाट, १९९७ मध्ये सुरू झाली, फ्रान्समधली अशी पहिलीच. रेल्वेची वाट म्हणजे चढ असून नसल्यासारखा. तीन दिवस तिथे घालवा, मग घाटवाट ताईंच्या बाबांच्या मागे जा.

पाऊलखुणा_

मी बाई, एकटी, ४१. जावं का? खरं सांगा, गुडीगुडी नको.

घाटवाट

मी याआधी दोनदा एकटी गेले, एकदा क्रझ जिल्ह्यात, एकदा लोत खोऱ्यात. माणसांची भीती वाटावी असं माझ्या बाबतीत घडलं नाही. नगरपालिकेच्या कॅम्पिंगमध्ये राहिले. ती साधी असतात, स्वस्त, संध्याकाळी एक बाई येऊन पैसे घेते. भीती वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. सोळा किलोमीटर माणूस नाही, फोनला रेंज नाही, आणि मागचा टायर फाटला. तेव्हापासून टायरचा तुकडा, दोन ट्यूब आणि चेनची कडी जवळ असते. शांत रस्ता म्हणजे मदतही शांत.

गाडीवाले जपून जातात. गावाबाहेर सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर सोडायचा नियम आहे आणि खेड्यात तरी पाळतात. हॉर्न न वाजवता मागे मागे येतात. बाबांना सुरुवातीला त्याचाच त्रास व्हायचा, "वाजवत का नाही, मला कळणार कसं?"

लिमोजची_काकू

पाऊलखुणा, गावात शिरताना उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, पाटी नसेल तरीही. उजवीकडच्या गोठ्यातून ट्रॅक्टर न बघता बाहेर येतो, कारण हक्क त्याचा असतो. आणि डोंगरात मेंढरांसोबत पातू नावाचे पांढरे मोठे कुत्रे असतात. सायकलवरून उतर, सायकल मधे धर, सावकाश चालत जा. पळालीस तर तो मागे लागणार.

आंबोळी

रेल्वेत सायकल?

घाटवाट

प्रादेशिक टीईआर गाड्यांत बहुतेक ठिकाणी फुकट, काही मार्गांवर उन्हाळ्यात आरक्षण. मी ल्योंहून सँतेतियनला आणि तिथून ल प्वीला गेले. काओर पॅरिस-तुलूझच्या जुन्या मार्गावर आहे, त्या लांबच्या गाडीत सायकलची जागा आधी घ्यावी लागते. एक खबरदारी: रुळांचं काम असलं की गाडीऐवजी बस सोडतात आणि बसमध्ये सायकल घेतील याची खात्री नाही. आदल्या दिवशी बघा.

मुक्कामाचंही एक. आमचा निम्मा मार्ग ल प्वीहून सांतियागोला पायी जाणाऱ्या यात्रेकरूंचा होता. ल प्वीचा बिशप ९५०-५१ मध्ये त्या वाटेने गेला तेव्हापासून लोक जातायत, पाठीला शिंपला बांधून. त्यांच्या धर्मशाळांत काही ठिकाणी पायी येणाऱ्याला आधी जागा, सायकलवाल्याला उरली तर. मी जरा कुरकुरले. बाबा लोणंदचे, दरवर्षी माऊलींची पालखी दारावरून जाताना बघितलेली. म्हणाले, "बरोबर आहे. वारीत मोटारसायकलवाल्याला कोण पंगतीला आधी बसवतं?" आम्ही तंबू लावला.

ब्रेस्तची_वारी

बाबांसाठी वेगळा धागा काढा.

नळराजा_उवाच

गावोगावचे युद्धस्मारकाचे खांब बघितलेत का? वीस घरांच्या गावात पंधरा नावं.

घाटवाट

बाबांनी प्रत्येक वाचलं. अक्षरं कळत होती, उच्चार नाही. सेलेच्या खोऱ्यात एका खांबावर एकाच आडनावाची चार नावं. तिथे ते मोरी बघतात तसे वाकून बराच वेळ उभे होते. मग विचारलं, "आपली माणसं पण इकडे होती ना?" होती. उत्तरेला, लीलच्या बाजूला, नव्ह-शापेलला भारतीय सैनिकांचं गोल भिंतीचं स्मारक आहे, भिंतीवर साडेचार हजारांहून जास्त नावं. पुढच्या वर्षी तिकडे न्यायचं कबूल केलंय. सपाट प्रदेश आहे, गुडघ्यांनाही बरं.

आंबोळी

आमचं ठरलं! तिकिटं बघतेय, १४ ऑगस्टला रात्री ल प्वीला पोचतोय, १५ ला सकाळी निघणार. थँक्यू सगळ्यांना.

लिमोजची_काकू

अगं थांब! १५ ऑगस्टला इकडे मेरीमातेचा सण असतो, सरकारी सुट्टी. त्यात ल प्वीला मोठी मिरवणूक, खोली मिळायची मारामार. किराणा, बेकरी सगळं १४ च्या संध्याकाळच्या आत घे.

घाटवाट

काकू म्हणतात ते ऐक. बाबा मागे ऑगस्टमध्ये आले होते, तेव्हा ल्योंला सगळी दुकानं बंद बघून त्यांचा ऊर भरून आला होता. मी दुपारपर्यंत खरं सांगितलं नाही.